मदतीचं टेबल बंद करू का?

पत्राचा सारांश: धायरी परिसरातल्या एका मोठ्या सोसायटीत राहणारे हे वाचक बँकेतून निवृत्त झालेत. दर रविवारी सकाळी ते सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये टेबल मांडून बसतात. घरकाम करणाऱ्या बायका, वॉचमन, आसपासच्या चाळींतली माणसं आणि इमारतीतले ज्येष्ठ नागरिक त्यांच्याकडे दाखले, पेन्शन, मिळकतकर अशी कामं घेऊन येतात. ते अर्ज भरतात, कागद आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि अडलं तर तहसील कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात. आता त्या माणसाची बदली झाली आहे. स्वयंपाकाच्या ताईंच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला दोनदा नामंजूर झाला आणि कॉलेजचा प्रवेश तोंडावर आलाय. एक एजंट पंधराशे रुपयांत चार दिवसांत दाखला आणून देतो म्हणतो, आणि मुलीची आई पैसे द्यायला तयार आहे. त्यातच ‘बाहेरची माणसं आत येतात’ म्हणून सोसायटीच्या कमिटीने जागा बंद करण्याचं पत्र दिलंय. ते विचारतात, “एजंटला पैसे देऊन मोकळं व्हावं, नगरसेवकाकडे जावं की तक्रार करावी? आणि ओळखच राहिली नाही, तर हे टेबल चालू ठेवण्यात अर्थ आहे का?”

नमस्कार.

आधी मुलीच्या दाखल्याचं बोलू, कारण त्याला तारीख आहे. दोन्ही वेळचे शेरे तुम्ही पत्रात जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरं केलंत. पहिला शेरा ‘अर्जदार सदर तालुक्यातील रहिवासी नाही’ असा आहे. दुसरा आहे ‘नावात तफावत, उत्पन्नाचा पुरावा अपुरा’. तुम्ही लिहिता की ओळखीचा माणूस गेल्यापासून मुद्दाम अडवणूक चालू झाली. पण हे शेरे वाचून मला तसं वाटत नाही. दोन्ही वेळा अर्जातच दोष होते. ते दाखवून दिले गेलेत आणि ते काढताही येतात.

पहिला दोष धायरीकरांच्या बाबतीत नेहमी होतो. धायरी ऑक्टोबर 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली. कराचं बिल महापालिकेचं येतं, कचऱ्याची गाडी महापालिकेची येते, म्हणून माणूस अर्ज भरताना तालुका ‘पुणे शहर’ निवडतो. महसुली तालुका मात्र हवेलीच आहे. महापालिकेची हद्द वाढली म्हणून तालुक्याची हद्द बदलत नाही. जून 2021 मध्ये आलेल्या गावांत तर आणखी घोळ होतो. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं महापालिकेत आहेत, पण तालुका मुळशी, म्हणजे कार्यालय पौडला. तुमच्या टेबलावर येणारी माणसं कुठकुठल्या भागात राहतात ते पाहून गाव आणि त्याचा महसुली तालुका असा एक कागद भिंतीवर चिकटवून ठेवा. खात्री नसेल तर जुन्या सातबाऱ्यावर किंवा घराच्या खरेदीखतात मौजे आणि तालुका लिहिलेला असतो, तो बघायचा. भाड्याने राहणाऱ्याने घरमालकाला विचारायचं.

नावाच्या तफावतीकडे जरा बारकाईने बघायला हवं. तुमच्याकडच्या कागदांत आईच्या आधार कार्डावर ‘सुनीता बाळू’ आहे आणि मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव ‘सुनिता’ व वडिलांचं ‘बाळासाहेब’ आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. सुनीता-सुनिता हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं स्वयंघोषणापत्र जोडलं की सहसा भागतं. बाळू आणि बाळासाहेब हे मात्र कागदावर दोन माणसं ठरू शकतात. तिथे दोन्ही नावांना जोडणारा एखादा तिसरा कागद लागतो. रेशन कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, वडिलांचा स्वतःचा शाळेचा दाखला, जे मिळेल ते जोडा. काहीच नसेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आज सुरू करा, पण या दाखल्यासाठी त्यावर विसंबू नका.

नावाबाबत आणखी एक सावधगिरी घ्यायला हवी. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे ‘आधी आधार दुरुस्त करू, मग बघू’ असं घाईने करू नका. मुलांच्या बाबतीत जन्माचा दाखला आणि शाळेची नोंद हे मूळ धरा आणि बाकीचे कागद त्यांच्याशी जुळवा. ज्यांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत, त्यांना हे आत्ताच सांगा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव छापून आलं की दुरुस्तीसाठी शाळा आणि मंडळ दोन्हीकडे फेऱ्या मारायची वेळ येते. लग्न झालेल्या बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. त्याला विवाह नोंदणी हाच पक्का पूल. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती करता येते. नव्वद दिवसांनंतर विलंबशुल्क लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांची नोंदणी झालेलीच नसते आणि त्यांच्या अर्ध्या अडचणी तिथूनच निघतात.

स्वयंघोषणापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणि नोटरी लागते असं बाहेर बसलेले लोक सांगतात. शासनाने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने, जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र बंधनकारक आहे ती कामं सोडून, प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतः साक्षांकित केलेली प्रत चालेल असं ठरवलंय. उत्पन्नाच्या दाखल्याला कोऱ्या कागदावरची घोषणा पुरते. फक्त ज्याची सही घ्याल त्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. खोट्या घोषणेला शिक्षा आहे आणि ती सही करणाऱ्याला होते.

आता उत्पन्नाचा पुरावा. इथे तुमच्या सोसायटीला खरं काम करता येईल. नोकरदाराकडे फॉर्म 16 असतो, पगारपत्रक असतं. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे काय असणार? ‘पुरावा अपुरा’ हा शेरा तिच्यावर येतो, पण पुरावा ज्यांच्याकडे आहे ती माणसं तुमच्याच इमारतीत राहतात. प्रत्येक घराने पाच ओळींचं पत्र द्यायचं: अमुक बाई आमच्याकडे अमुक महिन्यापासून स्वयंपाकाला येतात, महिना इतके रुपये देतो, खाली सही, फ्लॅट क्रमांक आणि तारीख. समजा चार घरांतून प्रत्येकी साडेतीन हजार मिळतात. महिन्याचे चौदा हजार झाले, वर्षाचे 1 लाख 68 हजार. त्यात नवऱ्याची कमाई मिळवायची, कारण दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. ही पत्रं अर्जाला जोडली की चौकशी करणाऱ्या तलाठ्याला, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अहवाल लिहायला आधार मिळतो. काही घरं पत्र द्यायला कचरतील, आपल्या गळ्यात काही येईल म्हणून. त्यांना सांगा, पगार देता तो कागदावर लिहायला काय हरकत आहे?

याच ठिकाणी एजंट म्हणतो, ‘उत्पन्न कमी दाखवतो.’ वर्षाला पंचवीस-तीस हजार लिहून दिलेले दाखले तुम्हीही पाहिले असतील. पुण्यात तेवढ्यात कुटुंब जगत नाही हे कोणालाही कळतं. आणि त्याची गरजही नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख आहे. खरं उत्पन्न तीन-साडेतीन लाख असलेल्या घराने ते तीस हजार दाखवून स्वतःला कशाला अडकवून घ्यायचं? अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे. तिथे आकडा खरा आणि कागदाला धरून असणं आणखी महत्त्वाचं.

एजंटचा प्रश्न तुम्ही नैतिकतेचा म्हणून विचारला आहे. मुलीच्या आईच्या दृष्टीने तो हिशोबाचा आहे. तहसीलला जायचं म्हणजे तिचा दिवस बुडतो, चार घरी बोलणी बसतात, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की पंधराशे स्वस्त वाटायला लागतात. त्यामुळे ‘पैसे देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. तिच्या फेऱ्या वाचवल्या पाहिजेत. पण ती नेमकं काय विकत घेतेय हे तिला कळायला हवं. एजंट चार दिवसांत दाखला आणतो तो दोनच प्रकारे. एक तर तो अर्ज पहिल्याच फटक्यात बरोबर भरतो, जे तुम्हीही करू शकता. किंवा आतल्या कोणाला काही पोचवतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका आहे. थेट मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, पैसे देण्याआधी तिथे फोन करायचा.

एजंट करतो त्यातली एक गोष्ट पैशांपेक्षाही महाग पडते. अर्जात तो स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतो. मग त्रुटीचा मेसेज त्याला, मंजुरीचा मेसेज त्याला, ओटीपी त्याला. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बाईला पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. आणि तुमच्या पत्रात लिहिलंय की सोयीसाठी तुम्हीही बऱ्याच जणांच्या खात्यांना तुमचाच क्रमांक देता. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण परिणाम तोच होतो. ते आजपासून थांबवा. ज्यांच्या खात्यांना तुमचा क्रमांक आहे त्यांची यादी करून एकेकाचा बदलून घ्या.

नगरसेवकाबद्दल थोडक्यात सांगतो. तहसील कार्यालय महसूल खात्याचं आहे, महापालिकेचं नाही. दाखल्यावर नगरसेवकाचा अधिकार चालत नाही. ड्रेनेज, पथदिवे, पावसाळी गटारं, पदपथ यांसाठी जरूर जा. परिसरातल्या छोट्या कामांसाठी महापालिकेत नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत 2006 पासून आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्यासाठी अर्ज मागवले जातात, तुमच्या टेबलावरून असे अर्ज एकत्र गेले तर चांगलंच.

तक्रार करावी का? तुम्हाला सुचलेल्या तीन वाटांत ही सर्वांत जवळची आहे, पण मी तिला तक्रार म्हणणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला, त्यात अपिलाची सोय आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्या कायद्याने हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे, तिच्यावर अर्ज क्रमांक, तारीख आणि मुदत हवी. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं तेही सांगावं लागतं. मुदत उलटली किंवा नकार आला, की तीस दिवसांत प्रथम अपील करायचं. प्रथम अपील अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. तिथे समाधान झालं नाही तर पुन्हा तीस दिवसांत द्वितीय अपील, त्याचा निर्णय पंचेचाळीस दिवसांत. त्याच्याही पुढे राज्य लोकसेवा हक्क आयोग आहे. पुरेशा कारणाशिवाय काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण अपील दाखल झालं की फाइल वरच्या टेबलावर मागवली जाते आणि खालच्या टेबलाला तिच्याबद्दल उत्तर द्यावं लागतं.

पण या मुलीसाठी अपील करू नका असं मी सांगेन. कागदात दोष होता, तो तुम्हाला मान्य आहे. दोष काढून नवा अर्ज देणं अपिलापेक्षा लवकर होतं. अपील राखून ठेवा ते कागद बिनचूक असून मुदत उलटली किंवा शेऱ्याला काही आधार नसला तर. सरसकट अपिलं टाकत सुटलात तर खऱ्या अपिलाचं वजन जातं.

माहिती अधिकाराचं हत्यार बरेच जण पहिल्या दिवशी उपसतात. ते दुसऱ्या कामाचं आहे. एखादा अर्ज कुठे आणि का पडून आहे ते शोधायचं असेल तेव्हा उपयोगी. राज्यात अर्ज दीडशे शब्दांचा, एकाच विषयावरचा हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘माझं काम का झालं नाही?’ असं विचारलंत तर उत्तर येतं की ही माहिती नाही, खुलासा आहे. त्याऐवजी ‘अर्ज क्रमांक अमुक कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे गेला, त्यावर त्यांनी लिहिलेल्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. बऱ्याचदा अशा अर्जाचं उत्तर यायच्या आधीच मूळ काम होऊन जातं. महिनोन्महिने रेंगाळलेलं प्रकरण असेल तर लोकशाही दिन आहे. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा आणि महापालिकेचा पहिल्या सोमवारी. निवेदन पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावं लागतं, आयत्या वेळी जाऊन उभं राहिलं तर घेत नाहीत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. ओळख नाही तर टेबलाला अर्थ काय, असं तुम्ही विचारता. यात एक गृहीत आहे की तुम्ही लोकांना देत होता ती ओळख होती. त्या ओळखीने काही कामं लवकर झाली असतील, मी नाकारत नाही. पण ज्या रांगेतून तुमचा अर्ज पुढे गेला, त्याच रांगेत तुमच्यापर्यंत न पोचलेल्या कुणा बाईचा अर्ज मागे सरकला. शिवाय फोन करून काम होत होतं तोवर अर्ज चुकीचे भरले जाताहेत हे तुमच्याही ध्यानात आलं नाही, कारण चुका पलीकडे कुणीतरी सांभाळून घेत होतं. तो माणूस बदलून गेला आणि चुका उघड्या पडल्या.

पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. 1870 मध्ये इथे सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणावं लागे. लोकांच्या वतीने सरकारशी बोलायचं तर लोकांनी तसा अधिकार दिलेला असावा आणि तो कागदावर असावा, हा आग्रह त्यामागे होता. गणेश वासुदेव जोश्यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ म्हटलं ते अशा कामामुळे. तुमच्या रविवारच्या टेबलालाही हा आग्रह लागू पडतो.

म्हणून टेबल बंद करू नका, त्याचं काम बदला. अर्ज ज्याचा त्याच्याच फोनवरून किंवा त्याच्याच लॉगिनने भरला जाईल असं ठरवा. तुम्ही शेजारी बसून दाखवायचं, बटण त्याने किंवा तिने दाबायचं. पहिल्यांदा तासभर लागेल, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरातल्या शिकलेल्या मुलाला-मुलीला बरोबर आणायला सांगा. या मुलीचा दाखला मिळाला की तिलाच महिन्यातून एक रविवार टेबलावर बसायला बोलवा. दोनदा नामंजूर झालेला अर्ज तिने जवळून पाहिलाय, पुढच्याला ती अचूक सांगेल.

मूळ कागद आणि पासवर्ड ठेवून घेणं पूर्ण बंद करा. झेरॉक्स लागलीच तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त उत्पन्न दाखल्यासाठी’, आणि तारीख. काम झालं की प्रत परत. तुमच्याकडे राहावी फक्त एक वही: तारीख, काम, अर्ज क्रमांक, मुदत कधी संपते आणि शेवटी काय झालं. आधार क्रमांक वहीत लिहायचा नाही. सहा महिन्यांत ही वही कोणत्या चुकीमुळे किती अर्ज परत आले ते तुम्हाला सांगेल. तसं एकत्र निवेदन तहसीलदारांना दिलंत तर त्याला एकट्यादुकट्याच्या तक्रारीपेक्षा जास्त किंमत येते.

अपलोडच्या पायरीवर अर्ज सर्वांत जास्त अडकतात. आपले सरकार पोर्टलला फोटो 160 बाय 200 पिक्सेलचा आणि 5 ते 20 केबी एवढाच लागतो. कागदपत्रं 75 ते 500 केबीच्या आत असावी लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो कमी करता करता लोक इतका दाबतात की अक्षरं पुसट होतात, मग ‘कागदपत्र अस्पष्ट’ म्हणून अर्ज परत. कागद खिडकीपाशी उजेडात सपाट ठेवा, घडीची सावली मोडा, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू घ्या कारण पत्ता मागे असतो, आणि रेशन कार्डाचं नावांचं पान विसरू नका. हे सगळं स्वतःला जमत नसेल तर सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात जावं, त्यात कमीपणा नाही. तिथे दरफलक बघायचा, पावती घ्यायची आणि अर्जात आपलाच मोबाइल क्रमांक टाकलाय ना हे पडद्यावर वाचून खात्री करायची. फलकापेक्षा जास्त मागितले तर तेवढी रक्कम पावतीवर लिहून द्या म्हणावं.

कामांना हंगाम असतो, तो पाळलात तर जूनमधली धावपळ निम्मी होईल. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षावर चालतो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज करावा, बारावीच्या निकालाची वाट बघू नये. जातीच्या दाखल्याला हंगाम नाही, तो अकरावीतच काढून ठेवावा. तो दाखला कुटुंब मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, जिथे राहत होतं त्या मूळ जिल्ह्यातून काढावा लागतो. अनुसूचित जातींसाठी तो दिनांक 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. लातूर-बीडकडून आलेल्या तुमच्या वॉचमनने धायरीचा पत्ता टाकून कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही. आजोबांच्या शाळेचा उतारा शोधायला त्याला दिवाळीत गावी जाईल तेव्हाच सांगून ठेवा.

ज्येष्ठांचं काम त्या मानाने सोपं आहे. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून, आता चेहरा दाखवून मोबाइलवर होतो. मिळकतकरात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. ती बिलात लागली नसेल तर पीटी-3 अर्ज, सोबत स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र, ओळखपत्र आणि दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपलं बिल आणून सवलतीची ओळ तपासावी, एवढी सूचना लिफ्टपाशी लावा.

यातूनच कमिटीचा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. कमिटीच्या पत्रात सुरक्षेची काळजी आहे, ती खोटी म्हणून उडवून लावू नका. पण ‘बाहेरची’ म्हटलेल्या बायका आठवड्याचे सहा दिवस त्याच इमारतींत चावी घेऊन ये-जा करतात हे सौम्यपणे लक्षात आणून द्या. लेखी अर्ज करा: रविवारी दहा ते बारा, सहा महिन्यांपुरतं, गेटवर नोंदवही, पैशांचा व्यवहार नाही, कोणाचे कागद ठेवून घेतले जाणार नाहीत, सभासदांची कर आणि पेन्शनची कामंही याच टेबलावर होतील. कमिटीने नाकारलं तर विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. तिथे पीटी-3 मुळे ज्यांचं बिल कमी झालंय ते सभासद तुमच्या बाजूने बोलतील. तरीही नाही म्हणाले, तर भांडत बसू नका. गणेश मंडळाचं कार्यालय, जवळचं ग्रंथालय, महापालिकेचं ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र, देवळाचा सभामंडप, जागा मिळेल. चाळींतल्या माणसांना सोसायटीच्या गेटपेक्षा तिथे यायला संकोचही कमी वाटेल.

या आठवड्यात मात्र एवढं करा. ताईंना चारही घरांची पत्रं गोळा करायला सांगण्याऐवजी तुम्हीच त्या घरी जाऊन आणा, कारण त्यांना ते मागायला अवघड जाईल. नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणाहून एक पत्र घ्या. बाळू-बाळासाहेबसाठी रेशन कार्ड तपासा. तालुका हवेली निवडा, ताईंचा क्रमांक टाका, पोच छापून मुलीच्या हातात द्या आणि वहीत पंधराव्या दिवसाची तारीख लिहा. मुलीने दरम्यान कॉलेजच्या प्रवेश कक्षात पोच दाखवून दाखला जमा करायची शेवटची तारीख लेखी विचारून ठेवावी. सोळाव्या दिवशीही काही हाती आलं नाही, तर त्याच पोर्टलवरून प्रथम अपील. आता कागद पूर्ण असतील, तेव्हा मागेपुढे बघू नका.